उच्च माध्यमिक प्रमाणपत्राची विषययोजना आणि मराठीचे स्थान

मराठी विभागांच्या चर्चासत्रांतून एक तक्रार आता नित्याची झाली आहे. पदव्युत्तर वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याचे वाचन तुटपुंजे असते, त्याला सलग दोन परिच्छेद लिहिता येत नाहीत, साहित्यकृतीपेक्षा तिच्याविषयीची तयार टिपणे त्याला अधिक जवळची वाटतात, अशी ती तक्रार. ती खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. मात्र तिची कारणमीमांसा करताना आपण बहुधा दूरचित्रवाणी, भ्रमणध्वनी, इंग्रजी माध्यम आणि पालकांची मनोवृत्ती येथपर्यंत जाऊन थांबतो. ज्या प्रमाणपत्राच्या बळावर हा विद्यार्थी आपल्या दारात उभा राहतो ते बारावीचे प्रमाणपत्र कोणत्या अटींवर मिळते, त्यात मराठीला काय स्थान आहे, हे विभागातील किती अध्यापकांना नेमकेपणाने सांगता येईल याविषयी शंका वाटते. नियमांची पुस्तिका हा आपल्या अभ्यासाचा विषय नव्हे, अशी एक समजूत आपल्यात रुजलेली आहे. भाषेच्या अभ्यासकाला ती परवडण्यासारखी नाही, असे माझे मत आहे. महाराष्ट्रात मराठीचा एकही तास न करता उच्च माध्यमिक प्रमाणपत्र मिळू शकते. ही स्थिती कोणत्याही जाहीर भाषिक धोरणातून आलेली नाही. विषयांच्या अदलाबदलीच्या सवलतींतून ती हळूहळू निर्माण झाली आहे, आणि म्हणूनच तिच्यावर फारशी चर्चा झालेली नाही.

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाची बारावीची योजना वरकरणी साधी आहे. इंग्रजी हा विषय सर्वांना अनिवार्य. त्यानंतर दुसरी भाषा, आणि शाखेनुसार निवडलेले चार वैकल्पिक विषय. त्यांच्या जोडीला पर्यावरण शिक्षण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात शेकडा ३५ गुण हवेत. दुसऱ्या भाषेच्या जागी मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, सिंधी अशा भारतीय भाषा येतात, संस्कृत, पाली, अर्धमागधीसारख्या अभिजात भाषा येतात, तशाच फ्रेंच, जर्मन यांसारख्या परकीय भाषाही येतात. येथवर आक्षेप घेण्यासारखे काही नाही. खरा प्रश्न पुढे उद्भवतो. द्विलक्ष्यी अभ्यासक्रम घेणाऱ्या विद्यार्थ्याचा व्यवसायविषय २०० गुणांचा असतो. संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, मत्स्यव्यवसाय, बँकिंग यांपैकी एखादा. हे २०० गुण बसवण्यासाठी एक वैकल्पिक विषय आणि दुसरी भाषा अशी दोन्ही वगळली जातात. पुढे माहिती तंत्रज्ञान हा शंभर गुणांचा विषय आला. अनेक कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्रवेशपत्रिकेत तो दुसऱ्या भाषेच्या रकान्यातच छापलेला आढळतो: मराठी, हिंदी, फ्रेंच, माहिती तंत्रज्ञान, यांपैकी एकावर खूण करावी. भाषा आणि भाषा नसलेली गोष्ट एकाच रकान्यात, एकमेकींचा पर्याय म्हणून बसवणे ही वर्गीकरणाची चूक आहे. पदवीच्या प्रथम वर्षातील विद्यार्थ्याने अशी चूक केली तर आपण तिच्याखाली लाल रेघ मारली असती.

संगणकविद्येला येथे विरोध करावयाचा नाही. ती शिकवली जावी, सर्वांना शिकवली जावी. परंतु तिने गणिताची जागा घ्यावी असे कोणी सुचवत नाही, रसायनशास्त्राची घ्यावी असेही नाही. भाषेचीच जागा तिला मोकळी करून दिली जाते, कारण दुसरी भाषा ही मुळातच भरताड आहे असे गृहीत धरलेले असते. हे गृहीतक कोणत्याही शासननिर्णयात लिहिलेले सापडणार नाही. ते वेळापत्रकात सापडते, प्रात्यक्षिकाच्या दिवशी शेवटच्या तासिकेला टाकलेल्या मराठीत सापडते.

या योजनेतील विसंगती एका उदाहरणाने स्पष्ट व्हावी. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या जोडाऱ्याला किंवा वीजतंत्र्याला बारावीची समकक्षता मिळण्याची सोय राज्यात आहे. त्याच्या व्यवसायशिक्षणाचे श्रेयांक मान्य केले जातात, आणि मंडळाकडे त्याने परीक्षा द्यावयाची असते ती दोन भाषाविषयांची. म्हणजे ज्याचा सारा दिवस कानस आणि लेथ यांच्या सहवासात जातो त्याने बारावी म्हणवून घेण्यासाठी दोन भाषा आल्या पाहिजेत, असा शासनाचा आग्रह आहे. तो आग्रह मला योग्य वाटतो. मात्र शहरातील नामांकित कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेत द्विलक्ष्यी विषय घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला तेच प्रमाणपत्र एका भाषेवर, म्हणजे इंग्रजीवर, मिळते. एकाच प्रमाणपत्राच्या दोन वाटांवर भाषेची दोन मापे का असावीत, याचे शैक्षणिक उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही.

ही मापे कशी पडत गेली हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. कोठारी आयोगाच्या १९६४-६६ च्या शिफारशींना अनुसरून महाराष्ट्राने १९७० च्या दशकाच्या मध्यावर दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध स्वीकारला. त्यापूर्वी अकरावीची शालान्त परीक्षा देऊन विद्यार्थी थेट महाविद्यालयात येई, आणि त्याच्या महाविद्यालयीन आयुष्याचे पहिले वर्ष मराठीच्या प्राध्यापकांच्या समोर जाई. त्यांत पुढे अभियंता वा डॉक्टर होणारेही असत. नव्या आकृतिबंधात ती वर्षे कनिष्ठ महाविद्यालयाकडे गेली. इमारत पुष्कळदा तीच राहिली, ग्रंथालयही तेच राहिले, पण शिक्षकांचा संवर्ग वेगळा झाला, वेतनश्रेणी वेगळी झाली, परीक्षा घेणारी संस्था वेगळी झाली. विद्यापीठाच्या मराठी अभ्यासमंडळाचा अकरावी-बारावीशी संबंध तेथेच तुटला. आज एकाच आवारात दोन मराठी विभाग नांदतात आणि त्यांच्यात चहापलीकडे देवघेव नसते. वरिष्ठ विभागातील आपण मंडळी कनिष्ठ विभागाच्या अध्यापकाला पूर्वपरीक्षेच्या पर्यवेक्षणापुरते ओळखतो. हे लिहिताना कोणाला दुखवण्याचा हेतू नाही, पण वस्तुस्थिती तशी आहे खरी.

या तुटलेपणाचे परिणाम अध्यापकांच्या पदांपर्यंत पोहोचतात. कनिष्ठ महाविद्यालयातील मराठीचे पद तुकड्यांच्या कार्यभारावर अवलंबून असते. माहिती तंत्रज्ञान हा विषय विनाअनुदानित तत्त्वावर सुरू झाला. त्यासाठी विद्यार्थ्याकडून स्वतंत्र शुल्क घेता येते, म्हणजे संस्थेच्या दृष्टीने तो पैसे आणणारा विषय ठरतो. मराठीचा अनुदानित अध्यापक मात्र तुकडी घटली की अतिरिक्त ठरतो. विद्यार्थ्याने विषय ‘निवडला’ असे आपण म्हणतो, तेव्हा या निवडीमागे संस्थेचे अर्थकारण किती आणि विद्यार्थ्याची आवड किती, हे तपासून पाहण्याजोगे आहे. त्यात गुणांचे गणित मिसळते. संगणकावर घेतल्या जाणाऱ्या, वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या परीक्षेत शंभराच्या जवळ जाता येते, संस्कृतातही जाता येते, मराठीत मात्र कितीही लिहिले तरी परीक्षक हात आखडतो, असा समज पालकांत पक्का बसलेला आहे. तो पूर्णतः निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मराठीच्या उत्तरपत्रिका तपासताना पैकीच्या पैकी गुण देणे म्हणजे भाषेचा अपमान, अशी एक विचित्र अभिरुची आपल्या परीक्षकांत आहे.

वरच्या पायऱ्यांवरील प्रवेशाचे नियमही मराठीच्या बाजूचे नाहीत. वैद्यकीय प्रवेशासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांतील गुण पाहिले जातात, आणि इंग्रजीत उत्तीर्ण असावे लागते. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांच्या प्रवेशासाठी बारावीचे जे पाच विषय गणले जातात त्यांत एक भाषा असते, आणि ती गरज इंग्रजीने भागते. मराठीचा गुण कोठेच मोजला जात नाही, अशी ही रचना आहे. मग सतरा वर्षांच्या मुलाने, ज्याचा दिवस पहाटे शिकवणीवर्गात सुरू होतो आणि रात्री तेथेच संपतो, युवकभारतीचे पुस्तक केवळ भाषाप्रेमापोटी उघडावे, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी? त्या मुलाला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

परंतु वैद्यक आणि अभियांत्रिकी यांहून मला अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरीच आहे. प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदविका अभ्यासक्रमाला बारावी उत्तीर्ण विद्यार्थी प्रवेश घेतो. तो कोणत्याही शाखेचा चालतो, ठरावीक टक्केवारी असली म्हणजे झाले. बारावीला त्याने मराठी घेतले होते काय, असा प्रश्न त्याला विचारला जात नाही. म्हणजे पहिलीतल्या मुलाला ‘कमळ’ आणि ‘बदक’ शिकवणाऱ्या, त्याला आयुष्यातली पहिली कविता म्हणून दाखवणाऱ्या शिक्षकाचा मराठी साहित्याशी शेवटचा संबंध दहावीच्या कुमारभारतीत संपलेला असू शकतो. महाराष्ट्राने २०२० साली शाळांमधून मराठीचे अध्यापन व अध्ययन सक्तीचे करणारा कायदा केला. तो पहिली ते दहावीपर्यंतचा आहे आणि सर्व मंडळांच्या शाळांना लागू आहे. त्याचे स्वागत आपण सर्वांनी केले. मात्र त्या दहा इयत्तांना जो शिकवणार त्याच्या स्वतःच्या प्रमाणपत्रातून मराठी गळू शकते, याकडे कायदा करणाऱ्यांचे लक्ष गेले नाही आणि आपण ते वेधले नाही. २०२५ साली पहिलीपासूनच्या हिंदीवरून राज्यात केवढे वादळ उठले! एप्रिल आणि जून महिन्यांतील शासननिर्णय अखेर २९ जून रोजी मागे घेण्यात आले. त्या सबंध वादात अकरावीतल्या मराठीविषयी कोणी अवाक्षर काढल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

या टप्प्यावर कोणी विचारील, मग मराठी बारावीपर्यंत सक्तीची करावी असे तुम्हांला म्हणावयाचे आहे काय? तसे मला म्हणावयाचे नाही. मालेगाव-भिवंडीच्या उर्दू माध्यमातील मुलीने, जत-अक्कलकोटच्या कन्नड माध्यमातील मुलाने दुसरी भाषा म्हणून आपली मातृभाषा घ्यावी, हा त्यांचा अधिकार आहे. तो काढून घेऊन मराठीचे भले होणार नाही. शिवाय सक्तीने शिकवलेल्या साहित्याचे काय होते हे आपण पदवीच्या आवश्यक मराठीच्या वर्गांत पाहिलेलेच आहे. माझे म्हणणे याहून मर्यादित आहे. भाषेची अदलाबदल भाषेशीच व्हावी. दुसऱ्या भाषेच्या रकान्यातून भाषा नसलेले विषय बाहेर काढावेत, द्विलक्ष्यी विद्यार्थ्यालाही दोन भाषा असाव्यात, आणि व्यवसायविषयाचे २०० गुण वैकल्पिक विषयांतून वळते करावेत. असे झाले तर मराठीकडे येणारे विद्यार्थी वाढतील की संस्कृत-हिंदीकडे जातील, हे आज सांगता येत नाही. पण निदान लढत बरोबरीची होईल.

ही मागणी काळाच्या उलट दिशेने जाणारी आहे असेही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालेल्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात अकरावी-बारावीला दोन भाषा, आणि त्यांपैकी किमान एक भारतीय, अशी योजना आहे. केंद्रीय मंडळाच्या बारावीला आजवर एक भाषा पुरत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या तरतुदीचे महत्त्व कळते. राज्याच्या २०२४ च्या मसुद्यानेही तीच दिशा धरली. त्यावर वर्तमानपत्रांतून जी चर्चा झाली ती इंग्रजी अनिवार्य राहणार की नाही या एका मुद्द्याभोवती फिरत राहिली. दोन भाषांपैकी एक भारतीय असण्याची अट मराठीसाठी काय घडवू शकते, हे सांगण्याचे काम मराठीच्या विभागांचे होते. मसुद्यांवर हरकती व सूचना मागवल्या जातात तेव्हा पालकसंघटना लिहितात, शिकवणीवर्गांचे चालक लिहितात. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी एकत्रितपणे काही लिहून पाठवल्याचे निदान माझ्या ऐकिवात नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याच्या आनंदात मात्र बहुतेक विभागांनी कार्यक्रम घेतले. तेही योग्यच होते.

आता पाठ्यपुस्तकाविषयी. २०१९ साली अकरावीचे आणि २०२० साली बारावीचे नवे युवकभारती आले. आपल्यापैकी ज्यांनी ते उघडलेले नाही त्यांनी अवश्य उघडावे, कारण ते समजतो तितके जुनाट नाही. गद्य-पद्य पाठांखेरीज अकरावीला नाटक आणि बारावीला कथा या साहित्यप्रकारांचा स्वतंत्र परिचय आहे. उपयोजित मराठीच्या विभागात मुद्रितशोधन, अनुवाद, सूत्रसंचालन, मुलाखत, अहवाल, वृत्तलेख असे घटक आहेत. मुद्रितशोधन शिकलेला विद्यार्थी एम.ए.ला आला तर आपले निम्मे दुःख हलके होईल! अडचण परीक्षेच्या पद्धतीत आहे. कृतिपत्रिकेत उतारा छापून दिलेला असतो, त्यावरून आकृतिबंध पूर्ण करावयाचे असतात. समोरच्या मजकुरातून शब्द उचलून चौकटीत भरणे ही कृती उत्तम आकलनाची खूण मानली जाते. ज्याने पाठ वर्षभरात एकदाही वाचला नाही तोही अशा प्रश्नांवर ३५ गुणांच्या पलीकडे सहज जातो. अनुत्तीर्णांचे प्रमाण घटवण्यासाठी हे सोयीचे असेल, पण त्यातून सलग वाचनाची सवय लागत नाही. तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांचे तर काय बोलावे? ते बहुतेक ठिकाणी हजेरीपत्रकासारखे वाटले जातात. या २० गुणांसाठी विद्यार्थ्याने वर्षाकाठी एक संपूर्ण पुस्तक वाचावे, त्यावर अध्यापकाशी दहा मिनिटे बोलावे, एवढा एकच बदल झाला तरी पुष्कळ साधेल. त्यासाठी नव्या पैशाची गरज नाही. विद्यार्थीसंख्या मोठी आहे, वेळ पुरत नाही, हे उत्तर मला ठाऊक आहे. परंतु भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिके त्याच विद्यार्थिसंख्येत होतातच ना?

येथवरचे विवेचन ज्यांना मराठी टाळता येते त्यांच्याविषयी झाले. दरवर्षी बारावीला बसणाऱ्या सुमारे १४ ते १५ लाखांमध्ये आणखी एक वर्ग आहे, ज्याला मराठी टाळावयाची नसते. किंबहुना तिच्याच आधारावर तो प्रमाणपत्रापर्यंत पोहोचू पाहतो. हे विद्यार्थी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसतात. फॉर्म आता संगणकावर भरला जातो, पण गावोगाव त्याचे नाव १७ नंबर असेच आहे. दहावीनंतर लग्न झालेल्या आणि दोन मुलांनंतर पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्या स्त्रिया त्यांत असतात, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील तरुण असतात, दुकानात काम करणारे असतात. ते मुख्यतः कला शाखेत, काही वाणिज्य शाखेत. पोलीस शिपाई भरतीला बारावी लागते. अंगणवाडी सेविकेच्या पदालाही २०२३ पासून बारावीची अट आहे. त्यांच्या लेखी हे प्रमाणपत्र म्हणजे भाकरीचा प्रश्न आहे. इंग्रजीत ते अडतात, जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेला पुन्हा बसतात, पुन्हा अडतात. २०२५ च्या निकालातही पुनर्परीक्षार्थींचे उत्तीर्णतेचे प्रमाण निम्म्याहून खाली होते. मराठीच्या उत्तरपत्रिकेत मात्र हीच माणसे भरभरून लिहितात. ज्यांनी बारावीच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत अशा कनिष्ठ महाविद्यालयातील स्नेह्यांना विचारावे. निबंधात अचानक एखादे खरे, जगलेले वाक्य भेटते ते पुष्कळदा या गठ्ठ्यांत.

यांना शिकवणारे कोणीही नसते. संपर्क केंद्र असते, पण तेथे अर्ज, शुल्क आणि प्रकल्पवही यांपलीकडे फारसे काही घडत नाही. अपेक्षित प्रश्नसंच हाच त्यांचा गुरू. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने अनेक वर्षे पूर्वतयारी शिक्षणक्रमाच्या मार्गे बारावी नसलेल्यांनाही पदवीची वाट मोकळी करून दिली. त्या वाटेने आलेले काही विद्यार्थी माझ्या एम.ए.च्या वर्गात होते आणि त्यांचे वाचन नियमित विद्यार्थ्यांहून कमी होते असे मला कधी आढळले नाही. सातारा जिल्ह्यातील एक विद्यार्थिनी दोनदा बाहेरून बारावीला बसली होती. तिने मला सांगितले की, युवकभारतीतील कविता तिने भाकऱ्या थापताना पाठ केल्या, कारण त्यांचा अर्थ सांगणारे कोणी नव्हते आणि पाठ केल्यावर तो आपोआप लागेल असे तिला वाटले होते. काहींचा लागला, असेही ती म्हणाली.

आपल्या पदव्युत्तर विभागांपाशी विद्यार्थी आहेत, रविवारी रिकाम्या असणाऱ्या खोल्या आहेत आणि प्रकल्पकार्याचे श्रेयांकही आहेत. जवळच्या संपर्क केंद्रातील बाह्य परीक्षार्थींसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात आठवड्याला एक मराठीचा वर्ग चालवणे, आणि जमल्यास इंग्रजीच्या विभागाला त्यात ओढणे, हे एखाद्या विभागाला सहज करता येईल. एम.ए.च्या द्वितीय वर्षातील विद्यार्थ्याने एक कविता तीस वर्षांच्या गृहिणीला समजावून सांगितली तर समीक्षेच्या परिभाषेतील किती शब्द खरोखर लागतात हे त्याला तेथेच कळेल. विषययोजनेतील बदलासाठी मंडळाकडे आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे लेखी निवेदन देणे हे दुसरे काम. त्यात कनिष्ठ महाविद्यालयांतील मराठीच्या अध्यापकांच्या सह्या आपल्या सह्यांच्या वर असाव्यात, कारण हा विषय ते रोज शिकवतात. बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते. अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज त्यानंतर तीन-चार महिन्यांत भरले जाऊ लागतात आणि दुसऱ्या भाषेच्या रकान्यावर खुणा पडू लागतात. निवेदन त्याआधी पोहोचावयाचे असेल तर ते या सत्रातच लिहून व्हावयास हवे.